विशेष थांबा

"थांबा, थांबा. इथून डावीकडे वळायचं होतं ना?" मागच्या सीटवरून पुण्याचे साहेब म्हणाले. "नाल्याकडे. त्याचे आम्ही वेगळे पैसे भरलेत."

उर्वशीने मान वळवून पाहिलं. जिप्सी तिठ्यावर उभी होती. मे महिन्यातली सकाळ, ऊन अजून सागाच्या शेंड्यांवरच होतं. उजवीकडचा रस्ता तळ्याकडे जायचा, डावीकडचा नाल्याकडे. डावीकडच्या रस्त्याला ती दोन वर्षांत गेली नव्हती.

"डावीकडे काही नाही साहेब. नाला कोरडा पडलाय. जनावर पाण्यावर भेटेल."

"जनावर नकोय आत्ता. ती जागा बघायची आहे." साहेबांनी मोबाइल पुढे केला. त्यावर रिसॉर्टचं बिल होतं. खोलीचं भाडं, जेवण, सफारी, कॅमेरा, पंधरा टक्के सेवा शुल्क. आणि त्याच्या खाली एक ओळ: विशेष थांबा, व्याघ्रहल्ल्याचे स्थळ, गाइडच्या तोंडून कथेसह, अडीच हजार रुपये.

उर्वशीने ती ओळ दोनदा वाचली. मग शेजारी बसलेल्या ड्रायव्हरकडे पाहिलं. धनराज समोरच्या रस्त्यावर नजर रोखून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"धनराज, हे कधीपासून चालू हाये?"

"महिना झाला, वहिनी." तो हळूच म्हणाला. "मॅनेजरनं काढलं. तुमचा नंबर लागला का आमी तिकडं जातच नवतो. आजचा नंबर अमरभाऊचा होता, त्याले ताप आला म्हनून तुमचं नाव लागलं, नाई तं…"

"म्हणजे साऱ्यायले मालूम हाये."

मागून साहेबांसोबतच्या बाईंनी विचारलं, "काही अडचण आहे का?" त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी रश्मी कॅमेऱ्याची काच पुसत होती.

"वहिनी, चला ना," धनराज अगदी रडवेला झाला. "गाडी मालकाची हाये. पैसे वापस करा लागले तं माह्या पगारातून कापन थो. मांगच्या महिन्यात टायरचे कापले."

उर्वशीने डोक्यावरची टोपी नीट केली. "चाल," ती म्हणाली.

जिप्सी डावीकडे वळली.

नऊ वर्षांपूर्वी बायकांनाही गाइड म्हणून घेणार असं गावात कळलं, तेव्हा उर्वशीचं नाव तिच्या सासूनेच दिलं होतं. ताराबाई तिचं नाव. नवरा लवकर गेलेला. तळ्यात जाळं टाकून आणि लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाऊन तिने एकुलता एक मुलगा गोविंदा वाढवला होता. गोविंदा तेव्हा चिडला होता. बायकोने खाकी घालून परक्या माणसांच्या गाडीत फिरायचं हे त्याला पटेना. ताराबाई म्हणाली, "फिरू दे. आपुन वाघाच्या रानात पायी हिंडतो, थे गाडीत बसून हिंडन. काऊन जळतं तुले?" परीक्षेच्या दिवशी ती सुनेसोबत जंगलाच्या गेटपर्यंत चालत आली आणि परीक्षा संपेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहिली.

गाइडची फी ठरलेली. घर चालायचं ते वरच्या खुशीवर. वाघ दिसला तर पाहुणे पाचशेही देत, नाही दिसला तर काहीच नाही. मागायचं नसतं, हे उर्वशी पहिल्याच आठवड्यात शिकली. उतरताना पाहुण्यांच्या समोर उभं राहायचं, हात मोकळे ठेवायचे, आणि त्यांच्या हाताकडे बघायचं नाही. गेल्या वर्षी रिसॉर्टने बिलात सेवा शुल्क घालायला सुरुवात केल्यापासून तेही आटलं. "सगळं बिलात दिलंय हं," असं म्हणून पाहुणे हसतमुखाने निघून जात. बिलातला रुपयाही गेटपर्यंत आला नव्हता.

नाल्याच्या काठावर मोहाचं मोठं झाड होतं. धनराजने गाडी बंद केली.

सगळ्यात आधी उर्वशीला दिसली ती साडी. रस्त्याकडच्या खालच्या फांदीला हिरव्या साडीचा फाटका तुकडा बांधला होता आणि त्यात लाल काचेच्या बांगड्या अडकवल्या होत्या. वाऱ्याने त्या किणकिणत होत्या.

"ही त्या बाईची?" रश्मीने कॅमेरा उचलत दबक्या आवाजात विचारलं.

"धनराज, हे कोनं बांधलं?"

"मॅनेजरनं देल्लं होतं. मीच बांधलं, वहिनी." त्याची मान खाली गेली. "लोकं फोटो काढतेत म्हने."

"सांगा ना," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. त्यांनी पैसे भरले होते आणि ते वाट पाहत होते. "कसं झालं ते?"

उर्वशी नेहमी पाहुण्यांकडे तोंड करून बोलायची. आज ती झाडाकडेच पाहत बोलली.

"दोन वर्षं झाली. चैत्र होता. ती सकाळी पाच वाजता मोहफुलं वेचायला आली. सोबत गावातल्या तीन बायका होत्या. त्या पलीकडच्या झाडाखाली होत्या, ही इथं. खाली वाकली होती. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. ओरडायलाही मिळालं नाही तिला."

"आणि वाघ?"

"वाघीण होती. इथून निघाली आणि तळ्यावर गेली. साडेसातला. मला माहीत आहे, कारण तेव्हा मी तळ्यावर होते. गाडीत नागपूरचे पाहुणे होते. ती समोरून आली, पाण्यात बसली, खूप वेळ पाणी पीत राहिली. मी पाहुण्यांना म्हटलं, बघा, किती शांत आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. उतरताना मला हजार रुपये दिले. इतके मला कधी मिळाले नव्हते. गेटवर आले तेव्हा माझा नवरा उभा होता. त्या पैशांत मयताचं सामान आणलं. माझी सासू होती ती."

रश्मीने कॅमेरा मांडीवर ठेवला. धनराज वळून तिच्याकडे बघत राहिला. हजार रुपयांची गोष्ट त्यालाही माहीत नव्हती. कुणालाच माहीत नव्हती. गोविंदालाही नाही.

"आम्हाला कल्पना नव्हती हो," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कशी असणार?" उर्वशी म्हणाली. "विधवा होती. पंचवीस वर्षं तिनं हातात काच घातली नाही."

आणि ती गाडीतून खाली उतरली.

जंगलात गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही, हा पहिला नियम. तो ती दर फेरीला पाहुण्यांना सांगायची. "वहिनी! वहिनी, वर या!" धनराज घाबरून कुजबुजला. ती चार पावलं चालली. गाठ आवळून बांधलेली होती, सुटेना, मग तिने दाताने सोडवली. तेवढ्यात मागून दुसरी जिप्सी आली. तिच्यातल्या पाहुण्यांनी मोबाइल वर केले. उर्वशीने साडीचा तुकडा बांगड्यांसकट गुंडाळला, परत येऊन सीटखाली टाकला आणि म्हणाली, "चाल तळ्यावर. पाहुण्यायचा टाइम जाऊन राह्यला."

तळ्यावर त्या दिवशी काहीच दिसलं नाही.

गेटवर उतरताना बाईंनी पाचशेची नोट तिच्या हातात कोंबली. "हे बिलाबाहेरचं. प्लीज."

"आज नको," उर्वशी म्हणाली. बाई गोंधळल्या आणि नोट सीटवर ठेवून निघून गेल्या. धनराजने ती उचलून तिच्यापुढे धरली. "तूच ठेव," ती म्हणाली. "तुह्या पगारातून कापतीनच."

दुपारपर्यंत मोबाइलवरचं चित्रण वनाधिकाऱ्यांपर्यंत पोचलं. गाइड जंगलात गाडीतून खाली उतरली होती. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. वनखात्याच्या साहेबांनी तिला समोर बसवून पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "माणूस म्हणून मला पटतं," ते म्हणाले. "पण उद्या दुसरा कुणी उतरला आणि काही झालं तर? तीन महिने काम बंद, बाई." रिसॉर्टच्या बिलाचं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ते बिल आमच्याकडे येत नाही. तक्रार लिहून द्या, पुढे पाठवतो." तिने लिहून दिली.

संध्याकाळी घरी तिने गोविंदाला सगळं सांगितलं, हजार रुपयांसकट. तो जाळ्याची फाटकी घरं जोडत होता. त्याचा हात थांबला.

"तुले तवा मालूम नवतं ना?"

"नाई."

"मंग झालं," तो म्हणाला. त्याने पुन्हा सुई उचलली, पण ती उलट्या घरात घातली आणि मग सगळी ओळ उसवत बसला.

तीन दिवसांनी ती बिल्ला जमा करायला गेटवर गेली. गाइड बाकावर बसले होते. अमरचा ताप उतरला होता. त्याचाच नंबर पुढे होता. रिसॉर्टची जिप्सी येऊन उभी राहिली. धनराजच्या जागी नवा ड्रायव्हर होता.

अमर उठला, पण तिला ओलांडून जाईना. "वहिनी, माह्या पोरीची फी भराची हाये," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नाल्याकडं जाले मी नाई म्हनलं तं दुसरा जाईन."

"जा ना. मी कुठी तुले अडवून राह्यली?"

तो दोन पावलं गेला आणि पुन्हा थांबला.

"सांगशीन तं नाव सांगत जा," उर्वशी म्हणाली. "एक बाई होती, एक बाई होती, असं नको सांगू. ताराबाई म्हन."

"म्हनीन."

"आनखी सांगजो, तिले पोहता ये. भर पावसायात तलाव या काठून त्या काठी पोहून जाये. गावात एकाबी मानसाले जमत नवतं थे."

अमरने मान हलवली. तो जिप्सीत चढला आणि पाहुण्यांकडे तोंड करून उभा राहिला. फाटकाचा दांडा वर गेला, गाडी आत शिरली, दांडा खाली आला. उर्वशीने खिडकीतून बिल्ला आत सरकवला, कारकुनाने दाखवलं तिथे सही केली, आणि पावती कुठे मिळेल ते विचारलं.