अर्धा चमचा पेज

मी चमचा बोलतोय. आवाज बारीक वाटला तर सांभाळून घ्या. मी मुळातच भित्रा, त्यात गेल्या महिनाभरात माझी पार गाळण उडाली आहे.

झोम्बा शहराच्या बाजारात गोणपाटावरच्या ढिगातून एनेलेसीने मला उचललं. तिच्या घरी मला काम बेताचंच. आमच्याकडे मक्याचा घट्ट न्सिमा हातानेच खातात, तिथे चमच्याला कोण विचारतो? मला बाहेर काढायचं ते कुणी आजारी पडलं की, पेज भरवायला. त्यामुळे मी दिसलो की मुलं तोंड वाकडं करायची. मला मात्र मोठा अभिमान होता. तापाने फणफणलेली चार पोरं मीच उभी केली, असं मी मनाशी म्हणायचो.

मग एका सकाळी तिचा नवरा वायसन सायकलवर बसता बसता कोसळला. डावा हात, डावा पाय लुळा, तोंड एका बाजूला ओघळलेलं. एनेलेसीने कापडात पातेलं, पीठ आणि मला बांधलं आणि इस्पितळात मुक्काम हलवला. आमच्याकडे रोग्याबरोबर घरचं माणूस राहतंच. चाळीस खाटांना दोन सिस्टर. भरवणं, पुसणं, कूस बदलणं घरच्यांनीच करायचं. रांधायलाही मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुली आहेत.

पहिल्याच दिवशी सिस्टर अलिनाफेने माझ्यात थोडं पाणी घेऊन मला वायसनच्या तोंडात नेलं. मी हादरलो. जीभ ओल्या फडक्यासारखी पडून होती. पाणी मागे घरंगळलं, पण घसा हललाच नाही. साधा ठसकाही लागला नाही.

"आ म्हणा, बाबा," सिस्टर म्हणाली.

"आ" आला, पण पाण्यातून बोलल्यासारखा गुडगुडत.

"चमचा पिशवीत ठेवा," ती एनेलेसीला म्हणाली. "घसा गिळायचं विसरलाय. अन्न फुप्फुसात गेलं तर माणूस हातचा जाईल."

वायसनच्या नाकात नळी आली. मी पिशवीत पडून राहिलो. ज्याने पोरं जगवली तोच आता माणूस मारू शकतो, हे कळल्यावर मला चैन कुठून पडणार?

दहा दिवसांनी सिस्टरने पुन्हा मला मागितलं. वायसनला ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे. पेज चांगली घट्ट, कारण पातळ पेज पाण्यासारखी मागे घरंगळते. अर्धाच चमचा, तोही चांगल्या बाजूच्या गालात. मग थांबायचं. घसा वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचं, मग "आ" ऐकायचा. आवाज कोरडा आला तरच पुढचा घास. असे तीन घास झाले.

दुसऱ्या दिवशी वायसनची थोरली बहीण फालेसी दोन बस बदलून आली. भावाच्या नाकातली नळी पाहून ती कडाडली.

"अगं एनेलेसी, तीन घासांवर ठेवलंयस माझ्या भावाला? गावात काय सांगू?"

"वन्सं, सिस्टर सांगते तसंच करायचंय. आल्यावर बोलू, मी एवढे कपडे धुऊन येते."

एनेलेसी गेली. फालेसीने पातेल्याचं झाकण काढलं. "ही काय पेज? भिंत लिंपायची आहे का?" असं म्हणत तिने त्यात गरम पाणी ओतलं. आजाऱ्याला पातळच द्यायचं, हे आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला आईने शिकवलेलं असतं. ती वाईट बाई नव्हती हो. भाऊ दमेल म्हणून तिने त्याला आडवाच राहू दिला आणि मला काठोकाठ भरलं.

मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण चमच्याचं कोण ऐकतं?

एक. दोन. तीन. वायसन खोकला नाही. "बघ, कसा खातोय माझा राजा!" ती शेजारच्या खाटेला म्हणाली. चौथ्या घासाला त्याचे ओठ निळसर झाले. सिस्टर धावत आली. नळीने घसा उपसला, पाठ थोपटली, प्राणवायू लावला. फालेसी मला हातात धरूनच भिंतीपर्यंत मागे सरली.

फुप्फुसात उतरलेल्या पेजेने चार दिवस वायसन तापात धगधगत होता. एनेलेसीने पातेलं नणंदेच्या हाताला लागू दिलं नाही. मी खाटेशेजारी कपात पडून त्याचा श्वास मोजत होतो. पाचव्या दिवशी ताप उतरला, आणि आठवड्याने सिस्टरने मला उचललं ते थेट फालेसीच्या हातात दिलं.

"मी नाही. मी आता हात लावणार नाही त्याला."

"तुम्हीच. तुम्ही आता त्यांच्या घरी राहणार ना? वहिनी बाजारात गेल्या की भावाला कोण भरवणार? मी नसेन तिथे."

फालेसीने त्याला ताठ बसवलं. तिचा हात इतका कापत होता की मी दातांवर आपटलो. अर्धा चमचा घट्ट पेज. घसा वर गेला, खाली आला. "आ," वायसन म्हणाला, अगदी कोरडा.

आनंदाच्या भरात फालेसीने मला पुन्हा काठोकाठ भरलं. माझा जीव गोळा झाला. सिस्टर हाताची घडी घालून बघत राहिली. फालेसीने माझ्याकडे पाहिलं, आणि अर्धी पेज पातेल्यात परत सोडली.

आणखी आठवडाभर घास वाढत गेले आणि नाकातली नळी निघाली. उद्या आम्ही घरी जाणार. तिथे सिस्टर नाही, उपसायची नळी नाही. तुमच्याही घरी असा कुणी असेल तर एवढंच ऐका. पोट भरायची घाई करू नका. चमचा उचलताना हात कापला तरी चालेल. कापणारा हात पुढच्या घासाआधी थांबतो तरी.