दुकानाबाहेर गेलेला बॅकअप

गुरुपादप्पांना उदगीर जिल्हा झालेला बघायचा होता. नुसता बघायचा नव्हता, तर जिल्ह्याच्या ठिकाणचे व्यापारी म्हणून मिरवायचं होतं. नव्या जिल्ह्याची मागणी करणाऱ्या समितीत ते पहिल्या रांगेत बसत. दुकानाची बिलं छापून घेताना पत्त्याच्या शेवटी ‘जि.’ एवढंच छापायचं आणि पुढे जागा कोरी सोडायची, असा त्यांचा हुकूम होता. सरकारने उद्या सही केली तर छापलेला कागद वाया जायला नको, इतका लांबचा विचार करणारा माणूस.

दुकान बोअरच्या मोटारींचं. त्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागत होतं, आणि उदगीरकडच्या खेड्यांत बोअर एकामागून एक कोरडे पडत होते. कोरड्या चालून मोटारी जळत होत्या. ज्यांच्या जळल्या नाहीत ते पाइप वाढवून मोटर आणखी खोल सोडत होते. पाऊस पडला नाही याचं दुःख सगळ्या तालुक्याला होतं, अप्पांना जरा कमी होतं.

दुकानात एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर रुद्राणी बसायची. ही अप्पांची सून. माहेर मुदखेडचं, शिक्षण नांदेडला, तेही कॉम्प्युटरचंच. जुना कारकून सोडून गेला तेव्हा ‘दुसरा मिळेपर्यंत’ म्हणून अप्पांनी तिला बसवलं आणि तिला पगार द्यावा लागत नाही हे लक्षात आल्यावर दुसरा शोधायचं सोडून दिलं. तिने जुन्या बिलांचे गठ्ठे उपसून सगळं मशीनमध्ये भरलं. कोणाच्या बोअरमध्ये किती फुटांवर मोटर आहे, पाइप किती, खडक कुठे लागला, दोर तुटून जुनी मोटर कुठे पडली आहे. शेतकरी विसरतो, भाऊ वेगळे होतात, फिटर बदलतात. दुष्काळात जो तो उठून दुकानात यायचा आणि म्हणायचा, ‘ताई, आमचं बघा की जरा.’

त्या खुर्चीवर रुद्राणीचा जीव होता. घरी सासऱ्यासमोर सुनेने खुर्चीवर बसायचं नाही, हा सासूबाईंचा, उमाबाईंचा, कायदा. दुकानात मात्र दिवसभर ती बसलेली आणि तालुक्यातले बापे तिच्यासमोर उभे. नवऱ्यापेक्षा तिला ती खुर्ची जास्त प्रिय होती. नवऱ्याला, म्हणजे शिवप्पाला, एकदा बघितलं असतं तर हे कोणालाही पटलं असतं.

खुर्चीत बसल्यावर तिने दोन नियम केले. बाहेरचा पेनड्राइव्ह मशीनला लावायचा नाही, आणि बॅकअपची डिस्क दुकान बंद करताना काढून घरी न्यायची. पहिल्या नियमाला सगळे हसले. दुसऱ्यावर अप्पा भडकले.

“दिवे लागल्यावर दुकानातली लक्ष्मी भाईर काढतेत व्हय? मीठ देत न्हाईत आपन कुनाला तिन्हीसांजंला, आन् तू सगळं दुकान काढाय लागलीस.”

दुकान बंद व्हायचं ते दिवेलागणीनंतरच. म्हणजे डिस्क कधीच बाहेर पडणार नव्हती. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला अप्पांनी वह्यांच्या जागी त्या डिस्कची पूजा केली, तिला हळद-कुंकू वाहिलं आणि कोणी हलवू नये म्हणून लाल दोऱ्याने मशीनलाच बांधून टाकली. तेव्हापासून तिची वायर कधी निघाली नाही.

“मामा, दोन्ही घागरी एकाच उतरंडीवर ठेवल्यासारखं झालं हे,” रुद्राणी म्हणाली. “व्हायरस आला तर दोन्ही संगंच जातील.”

“लक्ष्मीला व्हायरस व्हत नसतो,” अप्पा म्हणाले आणि विषय मिटला.

रुद्राणीने वाद घातला नाही. ती संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी उन्हं असतानाच घरी निघायची. निघण्याआधी सगळा डेटा एका पेनड्राइव्हवर उतरवायची आणि पर्समध्ये टाकून घरी न्यायची, आपल्या कपाटात ठेवायची. दिवे लागायच्या आधीच. रीतही मोडत नव्हती आणि कामही होत होतं. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही, आणि सांगण्यात अर्थ आहे असंही वाटलं नाही.

मग तो दिवस आला. उमाबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून टँकरच्या रांगेत रुद्राणीला उभं राहावं लागलं. इकडे समितीतल्या कोणीतरी दुकानात पेनड्राइव्ह पाठवून दिला. त्यात म्हणे नव्या जिल्ह्याचं राजपत्र होतं. अप्पांनी चष्मा पुसला. शिवप्पाने पेनड्राइव्ह लावला आणि फाइलवर दाबलं. काही उघडलं नाही, म्हणून परत दाबलं. मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. इंग्रजीत विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला ‘येस’ म्हणायची शिवप्पाची सवय होती.

थोड्या वेळात पडदा लाल झाला. तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलपात घातल्या आहेत, चावी पाहिजे तर पैसे पाठवा, असा मजकूर आला. वर उलटं चालणारं घड्याळ. शिवप्पाने इंग्रजी मजकूर तीनदा वाचून अप्पांना त्याचा अर्थ सांगितला.

“त्याचा फोन नंबर बघ की,” अप्पा म्हणाले. “बसून बोलू. कमी करंल.”

पण त्याला नंबर नव्हता, गाव नव्हतं आणि तोंडही नव्हतं. लातूरहून मेकॅनिक बोलावला. त्याने मशीन बघितलं, मग लाल दोऱ्याने बांधलेली, कुंकवाने माखलेली डिस्क बघितली. “ही पन लावलेलीच व्हती का?” त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, “मंग गेलं सगळं. मशीन पुसून कोरं करून देतो, बाकी काय हातात न्हाई.”

रुद्राणी टँकरवरून थेट दुकानात आली. कमरेवर पदर ओला होता. तिला बघितल्याबरोबर अप्पा ओरडले, “काय करून ठेवलंस हे?”

तिने मशीनकडे बघितलं. मग शिवप्पाकडे. शिवप्पा रस्त्याकडे बघत होता आणि त्याचा हात शर्टाच्या खिशावर होता.

“कुणी काय लावलं होतं का ह्याला?”

“कोन लावंल?” शिवप्पा म्हणाला. “रोज तूच बसतीस ना त्याच्याम्होरं? तुझंच कायतर आसंल.”

अप्पांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. चष्मा पुसून पाहिलं होतं. ते समोरचा बिलांचा गठ्ठा सरळ करू लागले. रुद्राणीला समजायला वेळ लागला नाही. पण गिऱ्हाइकासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं कसं?

कारण गिऱ्हाईक समोर उभंच होतं. सटवाजी, देवणीकडचा. बोअरचं पाणी खाली गेलेलं, फिटर मोटर उचलायचा लोखंडी घोडा बोअरवर उभा करून शेतात बसलेले, आणि गोठ्यात देवणी गाई-बैल तहानेने खुंट्याला हिसडे देत होते.

“मालक, शंभर फूट पाइप वाढवून मोटर खाली सोडायचीय. तेवढी खोल जाऊ दिऊ का? बा व्हता तवा त्यालाच माहीत व्हतं सगळं. तुमच्या मशीनमदी बघून सांगा की.”

मशीन बंद पडलं आहे हे सांगायची अप्पांना लाज वाटली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या व्यापाऱ्याचं मशीन बंद पडत नसतं. ते म्हणाले, “सोड शंभर फूट. काय व्हत न्हाई.”

सटवाजी पाइप मोजायला वळला. रुद्राणीला पुसटसं आठवत होतं की देवणीकडच्या काही बोअरमध्ये जुन्या मोटारी पडलेल्या आहेत. कोणाच्या, ते आठवत नव्हतं. वरून सोडलेली मोटर त्या पडलेल्या मोटारीवर जाऊन अडकली की बोअर कायमचा मेला. तिने गाईंचा विचार केला आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही केला. आत्ता आपण सगळं परत आणून दिलं, तर ही खुर्ची आपल्याखालून कोणी काढू शकणार नाही, असं तिला वाटलं. शिकलेल्या बायकांना असलं काहीतरी वाटत असतं.

“थांबा, सटवाजीदादा,” ती म्हणाली. “माझ्याकडं कॉपी हाय.”

ती घरी पळत गेली आणि पळत आली. मेकॅनिकने तोवर मशीन कोरं केलं होतं. तिने खुर्चीत बसून पेनड्राइव्ह लावला. तासाभरात सगळा तालुका पडद्यावर परत आला, गाववार, नाववार, कालच्या संध्याकाळपर्यंतचा. सटवाजीच्या बापाच्या नावापुढे लिहिलं होतं की दोर तुटून जुनी मोटर खाली पडलेली आहे, आणि आता जिथे मोटर आहे तिथून पन्नास फुटांच्या खाली जायचं नाही.

“चाळीस सोडा,” रुद्राणी म्हणाली. “त्याच्या खाली गेलात तर बोअर जाईल.”

सटवाजीने हात जोडले. जोडले ते अप्पांकडे वळून. “वाचिवलंत बगा, मालक.”

“मग? दुकान कुनाचं हाय?” अप्पा म्हणाले. मग त्यांनी पेनड्राइव्ह मशीनमधून स्वतःच्या हाताने उपसून काढला. “हे कुठं व्हतं?”

“घरी. माझ्या कपाटात.”

“कवापासून?”

“पहिल्यापासून. रोज नवीन करून नेते.”

“म्हंजे रोज माझं दुकान पर्समदी घालून नेत व्हतीस.”

“दिवे लागायच्या आधी नेत होते, मामा. आज कामाला आलं ना ते?”

“तुझ्या भावाचं मुदखेडला मोटार वायंडिंगचं दुकान हाय ना?”

रुद्राणीला आधी प्रश्नच कळला नाही. मुदखेडच्या माणसाला देवणीचे बोअर घेऊन काय चाटायचे होते? पण कळला तेव्हा तिने शिवप्पाकडे बघितलं. शिवप्पा आता रस्त्याकडे बघत नव्हता. बरोबर नेम धरून तो म्हणाला, “राखीला गेलती की ही. पर्स घेऊनच गेलती.”

“अहो, तुमच्या खिशात काय हाय ते दाखवा आधी!” ती ओरडली.

“नवऱ्याला आवाज करती?” अप्पा म्हणाले. ते हळू बोलले, आणि हळू बोलले की ते जास्त वाईट असत. “चोरी पकडल्यावर आवाज चढतोच. सटवाजी, तूच सांग. तुझ्या बोअरचं सगळं परक्या गावाला जाऊ द्यावं का?”

सटवाजीने रुद्राणीकडे बघितलं. पन्नास फुटांच्या वर थांबायला तिनेच सांगितलं होतं, ते त्याला चांगलं माहीत होतं. पण पाइप अप्पांचे होते, फिटर अप्पांचे होते आणि उन्हाळा अजून सरायचा होता. “न्हाई मालक,” तो म्हणाला. “पान्याचं कुनाला कळाया नगं. बाईमानसाच्या हातात द्याचंच न्हवतं तुमी.”

अप्पांनी पेनड्राइव्ह पाइप आवळून धरायच्या लोखंडी वायसवर ठेवला आणि पाइपाच्या मोठ्या पान्याने ठेचला. दोन घावांत त्याचा चुरा झाला.

“मामा, आता दुसरी कॉपी कुठंच न्हाई,” रुद्राणी म्हणाली.

“नगंच. ऊठ.”

ती उठली. शिवप्पा तिच्या खुर्चीत बसला आणि खुर्चीची उंची खालीवर करून बघू लागला. “कुलूप बदल तेचं,” अप्पा म्हणाले. “हिला कळंल आसं ठिऊ नगंस.” शिवप्पाने की-बोर्डाकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग बापाकडे. पासवर्ड कुठून बदलतात हे त्याला येत नव्हतं. मेकॅनिक कधीच निघून गेला होता.

“तू सांग त्याला,” अप्पा सुनेला म्हणाले. “पर तोंड तिकडं कर.”

रुद्राणीने भिंतीकडे तोंड केलं. चुकीचं सांगावं, एका शब्दात सगळं पुसलं जाईल असं सांगावं, हे तिच्या मनात आलं. तिला या माणसांची किळस आली होती. पण आत होतं ते तिने एकेक बिल वाचून भरलेलं होतं, आणि सगळ्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. ते मारायला तिचा जीव झाला नाही.

“डावीकडं खाली दाबा,” ती भिंतीला म्हणाली. “आता वरून तिसरं. आता जुना पासवर्ड टाका.” तोही तिलाच सांगावा लागला. “आता नवीन टाका.”

मागे शिवप्पा एका बोटाने सावकाश अक्षरं शोधत होता. सटवाजी खांद्यावर पाइप घेऊन मजा बघत थांबला होता.

“परत इचारायलंय,” शिवप्पा म्हणाला. “काय करू?”

“तेच परत टाका,” रुद्राणी म्हणाली. “दोन्ही वेळेस सारखंच आलं पाहिजे.”

“न्हाई म्हनतंय.”

“चुकलं आसंल. घाई करू नका. पहिल्यापासून टाका.”

पुन्हा बोटाचा आवाज सुरू झाला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तो संपायची वाट बघू लागली.