हिल्माची बारीक गोळी

"ही गोळी हरणासाठी आहे की त्याच्या कानातल्या गोचिडीसाठी?" वाइनोनं काडतूस चिमटीत धरलं आणि कंदिलासमोर फिरवून पाहिलं.

"गोचिडीला मारायलाही नेम लागतो," हिल्मा म्हणाली. "तुला नाही जमायचं."

मला हसू आवरेना. वाइनोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती गोळी मीच विकत आणली होती. दुसऱ्या दिवशी नोव्हेंबरची पंधरा तारीख, हरणांचा हंगाम उघडणार. उत्तर मिशिगनात आमच्याकडे त्या दिवशी शाळा बंद असतात, खाणीत माणूस सापडत नाही आणि लग्नाचा मुहूर्त तर कोणी चुकूनही धरत नाही. आम्ही तिघं जंगलातल्या कॅम्पवर होतो. कॅम्प म्हणजे ओंडक्यांची एक खोली, बाजूला सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोपटी, आणि खोलीत एक चूल. वाइनो, त्याचा धाकटा भाऊ तौनो आणि मी, आम्हीच तो तरुणपणी बांधला. तौनोला जाऊन आता तिसरं वर्ष लागलं होतं. हिल्मा त्याची बायको.

हिल्माचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं वाटाण्याचं सूप पिऊन मोठी झाली आहेत. पातेली उचलून उचलून तिचा उजवा खांदा कामातून गेलेला. तौनोच्या मागं ती त्याची थर्टी-ओ-सिक्स रायफल घेऊन येऊ लागली. ती रायफल चांगल्या धडधाकट गड्यालाही लाथ घालते, तिथं हिच्या खांद्याची काय कथा. दोन्ही वर्षं तिचा नेम चुकला. आमच्यात नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकतात. दोन वर्षांत हिल्माच्या दोन चांगल्या शर्टांची वाट लागली.

या वर्षी तिनं लहान नळीची टू-फोर्टी-थ्री रायफल आणली होती. तिची गोळी पेन्सिलीपेक्षा बारीक. धक्का जवळजवळ नाहीच.

"मी उन्हाळाभर खडीच्या खाणीत डबे फोडलेत," ती म्हणाली. "विचार शेजाऱ्यांना. कान किटलेत त्यांचे."

"डबा पळून जात नाही हिल्मा."

"मोठ्या बंदुकीनं माझे डोळे चाप ओढायच्या आधीच मिटतात. खांद्याला कळतं ना, काय येणार आहे ते. मिटल्या डोळ्यांनी मोठी गोळी मारण्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी लहान बरी."

वाइनोनं काडतूस टेबलावर ठेवलं. तो तिरसट आहे, पण उगाच आडवा जाणारा माणूस नाही. "बर्फ वितळताना ओढ्याकाठी मला एक मादी सापडली होती," तो म्हणाला. "एल्मर होता बरोबर. मांडीत अशीच बारीक गोळी. आसपासचं गवत सगळं पायांनी खरवडलेलं. किती दिवस तशी पडून होती, देव जाणे."

मी होतो बरोबर. ते गवत मला अजून दिसतं.

"आपल्याकडे जखमी केलेलं हरीण हरवलं की त्या वर्षापुरती बंदूक खुंटीला," वाइनो पुढं म्हणाला. "पण ही चिमणीची बंदूक आणायची असेल तर माझी वेगळी अट आहे. एक जरी हरीण जखमी होऊन हरवलं, तर ही कायमची घरी. तू कॅम्पवर येत जा, तुला कोण नको म्हणतंय? चूल आहे, सौना आहे..."

"चूल!" हिल्मा म्हणाली. "अरे, जन्मभर पोरांना वाढलं मी. वर्षातले हे चार दिवस मी तुम्हाला वाढायला येत नाही, वाइनो. झाडाखाली बसायला येते. तिथं बसलं की मला बरं वाटतं, एवढंच."

"मग मान्य नाही अट?"

"मान्य आहे," ती म्हणाली.

सकाळी बर्फ नव्हतं. बर्फ असलं की हरणाचा माग लहान मूलही काढतं. नसलं की वाळलेला पाला आणि दलदल, म्हणजे नशिबाचा खेळ. मी टेकडीच्या कुशीत बसलो होतो. सूर्य झाडांवर आला तेव्हा दलदलीच्या बाजूनं आवाज आला. मोठ्या रायफलीची 'धाड' नव्हे, वाळकी काटकी मोडावी तशी 'चट'. एकदाच. पुढं सगळं शांत.

मी पोचलो तेव्हा हिल्मा लाल लोकरी कोटात झाडाला टेकून उभी होती, आणि तोंड मात्र पांढरंफटक.

"मोठा नर होता एल्मर. पुढच्या पायामागंच नेम धरला होता. डोळे उघडे होते माझे, शपथ!"

"मग?"

"पळाला. सरळ देवदारांत."

"शेपटी वर की खाली?" घाबरून पळणारं हरीण पांढरी शेपटी निशाणासारखी उभारतं. गोळी लागलेलं बहुधा खाली घालतं.

"नाही पाहिली," ती म्हणाली. "शेपटीच पाहिली नाही मी."

वाइनो आला. नर उभा होता त्या जागी तो गुडघे टेकून वाकला. चार केस सापडले. रक्ताचा थेंब नाही. बारीक गोळीची हीच तर खोड. ती आत जाते आणि आतच राहते. दुसऱ्या बाजूनं भोक नाही, म्हणजे माग नाही.

"आता बसायचं," वाइनो म्हणाला. "लगेच मागं लागलं तर उठून लांब जाईल." आम्ही एका आडव्या ओंडक्यावर बसलो. मी थर्मासमधली कॉफी ओतली. हिल्मानं कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही. कॉफी गार झाली तशी तिनं ती पाल्यावर ओतून दिली.

मग देवदारांत शिरलो. आत पायाखाली शेवाळ, शेवाळाखाली पाणी, आणि वर फांद्या अशा की रांगल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मध्येच मी ओरडलो, "रक्त! इकडे रक्त!" दोघं धडपडत आले. वाइनोनं बोट लावून पाहिलं, वास घेतला आणि बोट माझ्याच कोटाला पुसलं. दलदलीतल्या झुडपांना हिवाळ्यात लालभडक फळं येतात, त्यातलं एक कोणाच्या तरी खुराखाली चिरडलं होतं. पाचेक मिनिटांनी तो स्वतःच ओरडला. तेही फळच. एरवी आम्ही यावर वर्षभर पुरेल इतकं हसलो असतो.

दुपार कलली. आम्ही त्याच त्या जागेत किती वेळा फिरलो याला गणती नाही. वाइनोचे गुडघे आधीच खाणीनं खाल्लेले, तरी तो जनावरासारखा रांगत होता. मला त्याची दया आली आणि हिल्माची त्याहून जास्त.

शेवटी तीच थांबली. तिनं रायफलीतली काडतुसं काढली आणि वाइनोसमोर तळहात धरला. "घे. झालं. तू बरोबर होतास. ते आता कुठंतरी पडलं असेल, त्या मादीसारखं, आणि ते मी केलंय. मला चूल दे नाहीतर काही दे, पण आज रात्री मला झोप येणार नाही रे."

वाइनोनं काडतुसांकडे पाहिलं. घेतली नाहीत.

"अजून उजेड आहे," तो म्हणाला.

"वाइनो, पुरे. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. उजेड आहे म्हटलं ना!"

आणि तो सर्वांत दाट कोपऱ्याकडे वळला, जिथं जायचं आम्ही सगळे दिवसभर टाळत होतो. थोड्या वेळानं मोठा 'डुबुक्' असा आवाज झाला आणि मग फिनिश भाषेतल्या अशा शिव्या ऐकू आल्या, की आमच्या पाद्रीबाबांनी कानांत बोटं घातली असती. शेवाळ फाटून तो कमरेपर्यंत गाळात गेला होता. मी फांदी शोधत धावलो. शिव्या एकदम थांबल्या. ते मला शिव्यांपेक्षा भयंकर वाटलं.

"हिल्मा!" तो ओरडला. "हिल्मा! इकडे ये! अगं दोरी आण, दोरी!"

"तुला काढायला?" मी विचारलं.

"मला मरू दे! हरीण, हरीण!"

गाळात बुडाल्यामुळे त्याचे डोळे जमिनीच्या पातळीला आले होते. पडलेल्या देवदाराच्या बुंध्याखाली, फांद्यांच्या आड, त्याला पोटाचे पांढरे केस दिसले. उभ्या माणसाला ते जन्मात दिसले नसते. नर तिथं पाय दुमडून पडला होता. हिल्मानं गोळी झाडली तिथून दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर. आम्ही बसलो तो ओंडका तर त्याहूनही जवळ.

वाइनोला बाहेर ओढला. तो थंडीनं कुडकुडत होता, पण आधी हरणापाशी गेला. मेलंय याची खात्री करायला डोळ्याला काडी लावून पाहिली, मान उचलली, बरगड्यांवरून हात फिरवला. गोळी बरोबर जिथं जायला हवी तिथं गेली होती.

"फुप्फुसांतून," तो म्हणाला. "हिल्मा, हे पळता पळताच मेलंय. याला काही कळलंसुद्धा नाही."

"खरं सांगतोस? माझी समजूत नको काढू."

"मी कधी कोणाची समजूत काढली आहे?"

ते मात्र खरं होतं. हिल्मा मट्कन शेवाळात बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मग हसली, मग परत रडली. मलाही इतकं हलकं वाटलं, की मी वाइनोला मिठी मारली आणि निम्मा गाळ माझ्या कोटावर घेतला. तो नको नको म्हणत राहिला, पण सुटायची फारशी धडपड केली नाही त्यानं.

हरीण तिनंच साफ केलं. चाकू तिच्या हातात पातेल्यातल्या डावासारखा चालतो. वाइनोनं पाय धरले. त्याचे दात वाजत होते. मी म्हटलं, "तू कॅम्पवर जा, कपडे बदल, मी ओढतो हिच्याबरोबर." त्यानं ऐकलंच नाही. शिंगांना दोरी बांधून एक टोक स्वतः घेतलं. दुसरं हिल्मानं डाव्या खांद्यावर टाकलं. माझ्या वाट्याला तिघांच्या बंदुका आल्या.

दोघं म्हातारी माणसं वाकून ओढत होती, थोडं जाऊन थांबत होती, धापा टाकत होती. मी मागं. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा वाइनो समोर झाडांत बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी तू मोठ्या खडकाखाली बस. तिथनं दलदलीची दोन्ही तोंडं दिसतात."

ती तौनोची जागा. तो गेल्यापासून तिथं कोणी बसलं नव्हतं. मी एकदा विषय काढला होता, तर वाइनो उठून बाहेर निघून गेला होता.

हिल्मानं दोरी खांद्यावरून खाली घेतली.

"तिथं वारा फार लागतो," ती म्हणाली.

"लागतो," वाइनो म्हणाला. "तो टोपीखाली रुमाल बांधायचा."

"मला माहीत आहे. मीच द्यायचे."

तिनं दोरी पुन्हा खांद्यावर घेतली, आणि दोघांनी एकदमच पाऊल उचललं.