सामाउनआप्पांचा हात

"आप्पा, तुमचा हात लागला की मेलेलं इंजीनही ओरडतं म्हणे! चला, करा हे चालू," गस्तीच्या लाँचवरचा साहेब म्हणाला.

सामाउनआप्पा बंद पडलेल्या होडीत उतरले. इंडोनेशियातल्या आचेच्या या किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्या त्यांच्याच जिवावर चालायच्या. पण अशी होडी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. रोहिंग्या माणसं दाटीवाटीनं बसलेली, बाया, लेकरं, सगळ्यांचे ओठ फुटलेले. एक पोर तर रडायचंही विसरलं होतं. किनारा हा असा समोर, आणि मधे हा साहेब उभा!

शेजारच्या मचव्यातून हसबल्ला ओरडले. गावच्या दर्याचे मुखिया ते. "साहेब, बंद पडलेली होडी किनाऱ्याला ओढायचीच, आत माणूस कुठलाही असो. बापजाद्यांचा कायदा आहे आमचा!"

"मग मोडतोय कोण? म्हणून तर मिस्त्री आणलाय. इंजीन चालू झालं की होडी बंद कुठं राहिली? डिझेल देतो, पाणी देतो, जाऊ दे आल्या वाटेनं परत."

वा रे शहाणा! कायदा पाळायचा आणि माणसं बुडवायची.

आप्पांनी डिझेलचा पंप उघडला. त्या होडीचा इंजीनवाला, एक हडकुळा माणूस, शेजारी बसून पाने हातात देत होता. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण डोळ्यांत सगळा जीव आणून तो बघत होता. पंपाच्या दट्ट्यात कचरा अडकला होता. बस, एवढंच! पुसून बसवला की काम फत्ते, आणि ही माणसं परत भर दर्यात.

"सापडलं का काही?" साहेब खांद्यावरून वाकला.

"सापडलं."

खोटं बोलायची सोय नव्हती. साहेब हलायला तयार नव्हता, आणि आप्पांचे हात घामानं भिजले होते. अल्ला, आता तूच बघ, म्हणत त्यांनी दट्ट्या काढला, काठाबाहेर हात धरून पुसायला घेतला, आणि सोडला.

"अरे अरे! गेला पाण्यात!" साहेब ओरडला.

इंजीनवाला किंचाळत उठला आणि त्यानं आप्पांच्या थोबाडीत खाडकन लगावली. दुसरी बसायच्या आत शिपायांनी त्याला ओढलं. तो रडत होता, शिव्या देत होता. आप्पांनी मान वर केली नाही.

साहेबानं कपाळाला हात लावला. मनात शंका आली असेल, तर ती त्या थपडेनं पार पुसली. "म्हातारे झालात, आप्पा."

"झालो खरा."

"आता काय! ओढा," साहेब चरफडला. हसबल्लांनी दोर केव्हाच फेकला होता.

दुपारी किनाऱ्यावर गावच्या बायकांनी भात आणि मासळी आणली. इंजीनवाल्याला समजावून सांगावं, असं आप्पांना फार वाटत होतं. पण कुठल्या भाषेत? आणि साहेब अजून तिथंच कॉफी पीत होता. त्यांनी भाताचं ताट इंजीनवाल्यापुढं ठेवलं. त्यानं ते ओढून घेतलं आणि पाठ फिरवून खायला लागला.

"अगं बाई, एवढा कशानं चिडलाय हा तुमच्यावर?" बायको रोहानी कुजबुजली.

"चिडू दे," गाल चोळत आप्पा म्हणाले. "भात वाढ त्याला आणखी."