जुन्या वाटेनं आलेले पाहुणे

आमच्या तासगावकडं जत्रेतला मान देवळात ठरत नाही, दारातल्या गाड्यांवर ठरतो. मटणाच्या जेवणादिवशी कुणाच्या दारात किती गाड्या लागल्या, हे गाव दिवस मावळायच्या आत मोजून मोकळं होतं. निवृत्त हवालदार गुंडा माने याच्या दारात गेल्या साली एकच टेम्पो थांबला होता, आणि तोही पंक्चर झाला म्हणून. शेजारी धाकट्या भावाच्या, जयराजच्या दारात नऊ गाड्या. जयराजची द्राक्षबाग मोठी, त्यामुळं बेदाण्याचे व्यापारी त्याच्याकडं यायचेच. गुंडाला त्या नऊ गाड्या वर्षभर झोपेत दिसत होत्या.

यंदा मात्र त्यानं कंबर कसली. पलटणीतले जुने सोबती साताऱ्याहून पाच गाड्या घेऊन, बायकापोरांसकट येणार होते. पुढच्या गाडीत खुद्द सुभेदार शेलारसाहेब. गुंडानं दोन बोकडं कापली, इस्त्रीची पँट चढवली आणि पहाटेपासून बायकोला हुकूम सोडायला सुरुवात केली. बनुबाईनं त्यातला एकही पाळला नाही, म्हणून स्वयंपाक वेळेवर झाला.

कुपवाडला कारखान्यात नोकरी करणारी त्यांची लेक राजनंदिनी जत्रेसाठी आली होती. साहेबांना घराचं लोकेशन तिनंच पाठवलं.

"अण्णा, नकाशात आपला नवा रस्ताच न्हाई," ती म्हणाली. "काकांच्या अंगणातली जुनी वाट दावतंय. साहेबांस्नी फोन करून सांगा."

"मला नकाशा शिकवू नगंस. फौजेत होतो मी. वरनं समदं दिसतं त्येला!"

वरून बाकी सगळं दिसत असेल. भावाभावातलं भांडण काही दिसत नाही. अकरा वर्षांपूर्वी गुंडा सुट्टीवर आला, तर वडिलांनी लावलेल्या जांभळाची मोठी फांदी गायब. बागेवर सावली पडते म्हणून जयराजनं ती न विचारता तोडली होती.  गुंडानं बाभळीच्या काट्या ओढून आणल्या, दोन अंगणांमधली वाट बुजवून टाकली आणि पाटाच्या कडेनं लांबून स्वतःचा रस्ता काढला. त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. दर दिवाळीला घरोघर आकाशकंदील लागायचे, तेव्हा हा पठ्ठ्या कुंपणाला ताज्या काट्या लावायचा.

साडेबाराला धुरळा उठला. पाच गाड्या एका रांगेत, फौजी शिस्तीत आल्या आणि थेट जयराजच्या अंगणात शिरल्या. पुढची गाडी काट्यांपाशी येऊन थांबली. साहेबांनी काच खाली केली, तसा मोबाइलच्या नकाशातल्या बाईचा गोड आवाज बाहेर आला, "सरळ जा. सरळ जा."

साहेबांनी काट्यांकडं पाहिलं, मग पडद्याकडं पाहिलं. पलीकडं जांभळाच्या बुंध्याआड गुंडा अंग चोरून उभा होता. हाक त्याच्या अगदी ओठावर आली होती. पण हाक मारली की काट्या कुणी घातल्या हे सांगावं लागणार. आणि याच साहेबांना त्यानं बर्फातल्या चौकीवर बसून शंभरदा ऐकवलेलं की, माझा जयराज म्हणजे माझं लेकरूच, मी पगार धाडला म्हणून त्याची बाग उभी राहिली. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? गुंडाला स्वतःची लाज वाटली, अगदी खरीखुरी.

तेवढ्यात जयराज घरातून धावत आला. आता हा पाहुण्यांना हाकलणार, नाहीतर माझी गाऱ्हाणी सांगणार, म्हणून गुंडा बुंध्याला आणखी चिकटला.

"गुंडाचं घर हेच का?" साहेबांनी विचारलं.

जयराज क्षणभर घुटमळला. मग त्यानं हात जोडले. "व्हय साहेब. दादाचंच घर हाय. उतरा, पाय धुवा. दादा येतोय एवढ्यात."

जत्रेदिवशी दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही. बावीस माणसं उतरली, बावीस ताटं मांडली गेली. जयराजचे व्यापारी आधीच जेवून हात पुसत होते. गुंडा बुंध्याआडून आपल्याच पाहुण्यांची पंगत बघत राहिला.

मागून बनुबाई आली. "आवं, लपताय काय चोरावानी? दोन बोकडं काय तुमी एकटं खाणार हायसा?"

"त्यो बोलवू दे की मला."

"तुमीच बुजवली वाट. त्यानं कुठनं बोलवायचं?"



अर्ध्या तासानं जयराज रिकामी बादली घेऊन काट्यांपाशी आला. मान खाली घालून, बादलीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "दादा, रस्सा संपला. साहेब अजून भाकरी मोडत्यात."

अकरा वर्षांनी थेट त्याला मारलेली ही पहिली 'दादा'ची हाक.  गुंडा वळला आणि बनुबाईच्या मदतीनं रश्श्याचं पातेलं उचलून घेऊन आला. पातेलं काट्यांवरून पलीकडं द्यायला गेला, तर कडी तापलेली, काट्या छातीएवढ्या उंच, आणि इस्त्रीची पँट बाभळीत अडकलेली. रस्सा हिंदकळून बुटावर सांडला.

गुंडानं पातेलं खाली ठेवलं, पँट टर्रकन फाडून सोडवली आणि दोन्ही हातांनी काट्या उपसायला लागला. पलीकडून जयराजही ओढू लागला. दोघांचे हात रक्ताळले.

हातात भाकरीचा तुकडा घेऊन साहेब उठून आले. "गुंडा! अरे, ये क्या चल रहा है?"

"काय न्हाई साब," गुंडानं सॅल्यूट ठोकला. "गाड्या यायला वाट करतोय."

साहेबांनी दोघांच्या हातांकडं पाहिलं, कुंपणाकडं पाहिलं आणि समजायचं ते समजले. "पण आम्ही तर जेवलो की रे!"

"ते धाकट्याकडचं झालं, साहेब," जयराज म्हणाला. "थोरल्याकडचं राहिलंय की अजून."

पाचही गाड्या एकामागोमाग सरळ गुंडाच्या अंगणात आल्या. कुणाच्या पोटात जागा नव्हती, तरी सगळे पुन्हा बसले. गुंडानं पहिली पळी साहेबांना सोडून जयराजच्या ताटात वाढली, त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि दरडावून म्हणाला, "मीठ बघ रं."

जयराजनं घास तोंडात घातला. चांगला चावून खाल्ला.

"लय कमी हाय," तो डोळे पुसत म्हणाला. "वैनी, मीठ आणा."