ढब्बूचा वरचा खुराक

दातांच्या दवाखान्यात हिरवं काही दिसू नये. आमच्याकडे मात्र दार उघडलं की पहिलं दर्शन शेवाळाचं. मी बाहेरच्या टेबलावर बसते. नंबर लावते, रडणाऱ्यांना पाणी देते, पळणाऱ्यांना धरते. समोरच खाऱ्या पाण्याची मायक्रोवेव्हएवढी टाकी आहे. तिच्यात थोडे दगड, दगडांवर जांभळी प्रवाळं, आणि एक केशरी मासा. तो खाऊन खाऊन असा गोल झालाय की मी त्याला ढब्बूच म्हणते.

टाकी मोठ्या डॉक्टरांची. हात थरथरायला लागले तशी त्यांनी आपली खुर्ची मुलाला दिली. पण अजून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून येतात, ते या टाकीसाठी. टाकी आहे म्हणून यायला निमित्त आहे. उगाच येऊन बसायचा त्यांचा स्वभाव नाही.

आणि धाकट्या डॉक्टरांना नेमकी तीच जागा हवी होती. जबड्याचा फोटो काढायचं मोठं यंत्र घ्यायचं होतं.

"बाबा, पेशंट हसतात हो. ज्यांना टाकी घासता येत नाही ते आपले दात काय साफ करणार, म्हणतात. महिनाअखेरपर्यंत हे शेवाळ गेलं तर टाकी राहील. नाहीतर मी काढणार."

मोठे डॉक्टर "बरं" म्हणाले, एवढंच. टाकी गेली की दुसऱ्या दिवसापासून हा माणूस घरात भिंतीकडे बघत बसणार, हे मला मात्र दिसत होतं.

मग आम्ही दोघांनी कंबर कसली. हे शेवाळ केसांसारखं वाढतं आणि प्रवाळांचा गळा धरतं. मोठे डॉक्टर दगड बाहेर काढून टूथब्रशने घासायचे. तेही हलक्या हाताने, गोल गोल, अजिबात जोर न लावता.

"अहो, दगड आहे तो! त्याच्या हिरड्या सोलवटणार आहेत का?"

"म्हणून काय हाताची सवय बिघडवून घेऊ?" ते म्हणाले.

पाणी बदललं. दिवा कमी केला. टाकीवर चादर टाकून अंधार केला, तर पेशंट विचारायला लागले, कोण गेलं? शेवाळ खायला गोगलगायी आणल्या, त्या बायांनी काचेला चिकटून ताणून दिली. शेवाळ चार दिवस दबायचं की पुन्हा डोकं वर काढायचं.

शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, मासा खात नाही ते अन्न पाण्यात कुजतं आणि त्यावर हे पोसतं. मी चिमूटभरच घालतो. वरचं कोण घालतंय?" आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे! ज्या बाईची नखं त्या दगडांपायी हिरवी झाली तिच्याकडे! तळपायाची आग मस्तकात गेली. खाद्याचा डबा उचलला आणि माझ्या पर्समध्ये कोंबला. आता बघू म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा काढून दिला तेव्हा ढब्बूने मोठ्या डॉक्टरांच्या चिमटीकडे ढुंकून पाहिलं नाही. पोट भरलेलं होतं मेल्याचं.

म्हणजे चोराकडे स्वतःचा डबा होता.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मोठ्या डॉक्टरांना घेऊन बाहेर पडताना मी दार मुद्दाम आपटलं, "येते हो!" म्हणून ओरडले आणि आम्ही मागच्या दाराने परत आत आलो. त्यांना हाताला धरून औषधांच्या कपाटामागे उभं केलं. त्यांच्या वयाला हे शोभत नव्हतं, पण चेहरा बघण्यासारखा खुलला होता.

आतली खोली उघडली. मास्क गळ्यात लोंबत धाकटे डॉक्टर बाहेर आले. कवळ्यांचे साचे असतात तो खण उघडला आणि त्यातून नवाकोरा डबा काढला. ढब्बू शेपटी हलवत काचेपाशी हजर.

"आलास? आलास रे राजा?" चिमटीमागून चिमटी पडत होती. "आज सगळेच रडले बघ. एकाने तर बोटाला चावा घेतला."

मला काही राहवेना. "अरे चोरा!"

ते दचकले आणि अख्खा डबा टाकीत उपडा झाला.

पेशंटसमोर मी त्यांना अहोजाहो करते, पण लहानपणापासून बघितलेलं पोर आहे. "मेल्या, बापाची टाकी काढायला निघालास, आणि वर शेवाळ पण तूच पोसतोस?"

"मावशी, मुद्दाम नाही गं." ते कानापर्यंत लाल झाले. "सकाळपासून जो आत येतो तो मला बघून मागे सरकतो. पोरं आईच्या कुशीत घुसतात. हा एकटाच मला बघून पुढे येतो. टाकी जाणार, याचे थोडेच दिवस उरले, म्हणून आणखी घालत गेलो."

माझ्या जिभेवर चांगलं खरपूस उत्तर होतं. ते गिळलं.

मोठे डॉक्टर कपाटामागून बाहेर आले. "नंतर रड. ती थुंकी ओढायची नळी आण आधी, नाहीतर मासा जाईल."

मग दोघं बापलेक बाह्या सारून टाकीवर वाकले. मुलगा नळी धरतोय, बाप सांगतोय, "कोपऱ्यात बघ, दगडामागे राहिलं." दुपारचे पेशंट ताटकळले. मी त्यांना सांगितलं, आत अवघड केस आहे.

त्यानंतर शेवाळ हटायला लागलं. ढब्बूही जरा सुटसुटीत दिसू लागला. महिनाअखेरीला यंत्रवाला जागा मोजायला आला. धाकटे डॉक्टर त्याला टाकीवरून पुढे घेऊन गेले, थेट स्वतःच्या बसायच्या खोलीत.

"इथे बसवा. टेबल-खुर्ची मी काढून घेतो."

"मग डॉक्टर, तुम्ही बसणार कुठे?"

"बाहेर. बाबांच्या शेजारी."

मोठ्या डॉक्टरांनी पेपर तोंडासमोर धरला. दुपारी मुलगा जेवणाचा डबा घेऊन त्यांच्या बाकावर येऊन टेकला.

"बसा खुशाल," मी म्हणाले. "फक्त हात मला दिसतील असे ठेवा. दोघांनीही."