म्हातारा मॉनिटर

शिवायच्या कपड्यांचे नमुने मी कॉम्प्युटरवर काढते. त्याचा मॉनिटर सारखा बंद पडायला लागला, तर मुलगा म्हणाला, “आई, म्हातारा झालाय तो, फेकून दे,” आणि मला न विचारता नवा घेऊनही आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्याची वायर काढून मी नव्याला लावली. थोड्याच वेळात नवाही काळाकुट्ट!

मग मी टेबल पुढे ओढलं. खोली नीट दिसावी म्हणून परवा मुलानेच ते भिंतीला दाबून लावलं होतं. मागे वायर पार चेपली होती. नव्याच्या खोक्यातली वायर लावताच जुना लख्ख उजळला.

“फेकायचीच हौस असेल तर ती चेपलेली वायर फेक,” मी म्हटलं. “आणि पुन्हा माझ्या टेबलाला हात लावलास, तर गाठ माझ्याशी आहे!”